दोन डिसेंबर आणि तीन मार्च

गेल्या महिन्यात कंपनीतल्या एका सहकाऱ्याचा रात्री साडेअकराला फोन आला. त्याच्या बहिणीचं बाळ अठ्ठाविसाव्या आठवड्यात झालं होतं. "काचेत ठेवलंय. काचेतनं कधी भाईर काढतील ओ?" एवढंच तो पुन्हा पुन्हा विचारत होता. साडेसात वर्षांपूर्वी मीही हेच विचारायचो. काचेतनं बाहेर आल्यावर पुढं काय, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि विचारायचं मलाही सुचलं नव्हतं. फोनवर त्याला धड काही सांगता आलं नाही, म्हणून लिहून काढतोय.

मी कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीत क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. डॉक्टर नाही. आमच्या पोराच्या बाबतीत जे झालं ते लिहितोय. तुमचं बाळ वेगळं असणार, डॉक्टरही वेगळे असणार.

३० नोव्हेंबर २०१७, गुरुवार. जेवणं झाल्यावर बायको म्हणाली, "अहो, पाणी गेल्यासारखं वाटतंय." प्रसूतीची तारीख ३ मार्च होती. तिला दवाखान्यात घेतलं आणि बाळाच्या फुप्फुसांसाठी बारा-बारा तासांनी चार इंजेक्शनं द्यायची असं ठरलं. ती चार पूर्ण होईपर्यंत कळा थांबल्या. आमच्या नशिबातली ती पहिली मोठी गोष्ट होती, पण त्याची किंमत तेव्हा कळली नाही. शनिवारी, २ डिसेंबरला सकाळी बाळ झालं. बरोबर सत्तावीस आठवडे, वजन ९८० ग्रॅम. अठ्ठावीस आठवड्यांच्या आतलं म्हणजे 'अतिअपूर्ण दिवसांचं', असं केसपेपरवर इंग्रजीत लिहिलं होतं.

मला ते दाखवलं तेव्हा ते प्लास्टिकच्या पिशवीत होतं. गळ्यापर्यंत पिशवी, डोक्यावर टोपी. सिस्टर मला ओलांडून पळतच गेल्या. भाजी घालावी तसं पोराला पिशवीत घातलंय, हे मी आईला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी कळलं की एवढ्या लहान बाळाच्या कातडीतून ऊब भराभर निघून जाते, म्हणून जन्मल्या जन्मल्या पिशवीत गुंडाळतात. हे कुणी आधी सांगितलं असतं तर ती एक रात्र तरी जरा बरी गेली असती.

लगेच चिठ्ठी हातात आली. फुप्फुसात सोडायचं औषध, सर्फॅक्टंट, एक डोस चौदा हजार. मेडिकलवाल्यानं बर्फात घालून दिलं आणि म्हणाला, "दादा, पळा."

दुसऱ्या दिवशी दत्तजयंती होती. आई दरवर्षी नृसिंहवाडीला जाते, त्या वर्षी गेली नाही. "सातव्यातलं वाचतं, आठव्यातलं वाईट," असं ती येईल त्याला सांगत होती. आमच्याकडं हे सगळेच म्हणतात. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, असं काही नसतं, पोटात काढलेला प्रत्येक आठवडा फायद्याचाच. आईला मात्र तिचाच हिशेब पटत होता आणि त्या दिवसांत मी तो मोडायला गेलो नाही.

पाचव्या दिवशी आईनं घरी पाचवी पुजली. सटवाई येऊन नशीब लिहिते म्हणून कोरी वही आणि पेन ठेवलं. बाळ नाही, बाळंतीण नाही, नुसता पाट. सकाळी वही कोरीच होती. मी ती उचलून दवाखान्यात नेली आणि पहिल्या पानावर वजन लिहिलं: ९८०, ९४०, ९०५, ८८०, ८७०. पहिल्या आठवड्यात वजन उतरतंच, हे मला माहीत नव्हतं. चौदाव्या दिवशी ते परत ९८० झालं. ती वही अजून चालू आहे, आता तिसरी. तुम्हीही वही करा. मोबाईलमध्ये लिहिलेलं मोबाईलबरोबर जातं.

पैशाचं बोलून घेतो. रोजचे साधारण नऊ हजार, व्हेंटिलेटरच्या दिवसांत जास्त. सत्तर दिवसांचे मिळून ६ लाख ८५ हजार झाले. त्याच्या वर्षभर आधी माझा पगार एकवीस हजारांच्या वर गेला म्हणून मी पेढे वाटले होते. एकवीस हजार ही ईएसआयची, म्हणजे कामगारांच्या राज्य विम्याची, तेव्हाची मर्यादा, ती ओलांडली की माणूस त्यातून बाहेर, हे पेढे वाटताना डोक्यात नव्हतं. वडिलांच्या नावाचं केशरी रेशनकार्ड कागलजवळच्या गावी होतं. भाऊ ते घेऊन आला तेव्हा कळलं की हा दवाखाना फुले जनआरोग्य योजनेत अंगीकृत नाही आणि व्हेंटिलेटरवरचं बाळ आता हलवता येणार नाही. तुमच्यावर असं बेतण्याची शक्यता वाटत असेल, बीपी असेल, जुळं असेल, पाणी जात असेल, तर आधीच विचारून ठेवा: दवाखाना योजनेत आहे का, आणि नवजात बाळांचा विभाग त्यात धरला आहे का. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथं विचारायचं. आम्ही बायकोचं सोनं तारण ठेवलं आणि पतसंस्थेचं कर्ज काढलं. ते २०२२ मध्ये फिटलं.

त्या सत्तर दिवसांबद्दल लिहायला बसलं तर वेगळी वही लागेल. बाळ मध्येच श्वास घ्यायला विसरायचं, यंत्र कोकलायचं, सिस्टर तळपायाला टिचकी मारायच्या की परत सुरू. त्यासाठी औषध होतं कॅफीन. दिवसाला सहा चहा पिणाऱ्या माझ्या पोराला जन्मल्यापासून कॅफीन चालू, यावर बायको पहिल्यांदा हसली. दूध दर दोन तासांनी नळीतून दोन मिली. पहिले काही दिवस तिला तेवढंच निघत होतं आणि ती त्यावरच रडत होती. सिस्टर म्हणाल्या, "ताई, त्याचं पोट केवढं बघा आधी."

एकोणिसाव्या दिवशी त्याला उघड्या छातीशी धरायला दिलं. कांगारू पद्धत. १९७८ च्या सुमारास कोलंबियात, बोगोटा शहरात, काचेच्या पेट्या पुरेनात म्हणून एडगर रे या डॉक्टरांनी ती सुरू केली, असं भिंतीवरच्या तक्त्यात होतं. म्हणजे जुगाडच म्हणायचा. ऊब राहते, श्वास स्थिर होतो, वजन वाढतं, आईचं दूध वाढतं. वडिलांनी धरलं तरी चालतं, हे आमच्याकडच्या बापांना सांगावं लागतं. मी दुसरी पाळी संपवून यायचो, हात कोपरापर्यंत धुवायचो, शर्टाची बटणं काढून बसायचो. हाताला मशीनवरच्या कुलंटचा वास राहू नये म्हणून लिंबू चोळून यायचो.

आता काचेपलीकडची गोष्ट. तिची सुरुवात काचेतच होते, ती डोळ्यांपासून.

इतक्या लवकर जन्मलेल्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पूर्ण वाढलेल्या नसतात. बाहेर आल्यावर त्या वेड्यावाकड्या वाढू शकतात आणि पडदा ओढला जाऊन सुटू शकतो. याला आरओपी म्हणतात. आपल्याकडचा नियम असा की चौतीस आठवड्यांच्या आतल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचे डोळे जन्मापासून तीस दिवसांच्या आत तपासायचे, आणि अठ्ठावीस आठवड्यांच्या आतल्यांचे दोन-तीन आठवड्यांतच. आमची पहिली तपासणी २० डिसेंबरला झाली. मग दर आठ-पंधरा दिवसांनी, दर वेळी आठशे रुपये. २४ जानेवारीला डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, लेसर लागणार, आणि तो उद्याच. मी म्हटलं, सोमवारी चालेल का, पैशाचं बघतो. ते म्हणाले, "पैसे सोमवारी द्या. लेसर उद्या." २५ जानेवारीला झाला, बावीस हजार. या तपासणीची तारीख कुठल्याही कारणानं चुकवू नका. लग्न असो, यात्रा असो, बाळ घरी गेलेलं असो. बाळ वरून ठणठणीत दिसतं आणि आत नजर जात असते.

१० फेब्रुवारीला घरी आलो. शनिवारी आत गेलेलं पोर शनिवारीच बाहेर आलं. वजन १७४० ग्रॅम. सोबत तीन पानांचं डिस्चार्ज कार्ड, लोह आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब, पाच वेगवेगळ्या तपासण्यांच्या तारखा. मला वाटलं, झालं. बायकोनं त्याच रात्री तारखा कॅलेंडरवर लिहून काढल्या तेव्हा जुलैपर्यंत पानं भरली.

घरी पहिलं भांडण धुरीवरून झालं. आईनं शेगडी पेटवून ओवा-वेखंडाची तयारी केली होती. एवढ्या नाजूक फुप्फुसांना धूर अजिबात नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आई म्हणाली, "तुमास्नी सगळ्यास्नी दिलीया, मेला का कोण?" दोन दिवस अबोला. शेवटी मी तिला तपासणीला सोबत नेलं आणि डॉक्टरांनाच सांगायला लावलं. हा उपाय मी पुढं अनेकदा वापरला. घरातल्या मोठ्यांना तुम्ही समजावू नका, त्यांना सोबत न्या.

दुसरं भांडण वयाचं. लस जन्मतारखेनं द्यायची. दीड महिन्याची लस त्याला जानेवारीत दवाखान्यातच मिळाली होती. पण वाढ आणि विकास मोजताना वय ३ मार्चपासून धरायचं. याला दुरुस्त वय म्हणतात: जन्मापासूनच्या वयातून तेरा आठवडे वजा. वय दोन वर्षांचं होईपर्यंत ही वजाबाकी करायची. सांगायला सोपं आहे. अंगणवाडीताईंनी जूनमध्ये त्याचं वजन सहा महिन्यांच्या रेघेवर टाकलं आणि तो लालमध्ये गेला. मी डिस्चार्ज कार्ड दाखवून म्हटलं, ताई, हा तीन महिन्यांचा आहे. त्या म्हणाल्या, "जन्मदाखल्यावर डिसेंबर हाय की ओ." त्यांचंही चुकत नव्हतं, त्यांच्या रजिस्टरात एकच रकाना होता. बाळाच्या डॉक्टरांकडून दुरुस्त वयाची चार ओळींची चिठ्ठी शिक्क्यासह आणून दिली, तेव्हा त्यांनी पेन्सिलनं बाजूला दुसरा ठिपका काढायला सुरुवात केली. या चिठ्ठीच्या दहा झेरॉक्स करून ठेवा. पाहुण्यांसाठी मी सोपा मार्ग काढला: कुणी वय विचारलं की तीन महिने कमी करूनच सांगायचो.

जून २०१८ मध्ये कानाची बेरा तपासणी, म्हणजे आवाज कानापासून नसेतून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणं. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, राहिलेल्या बाळाला नुसता आतला कान तपासणारी साधी ओएई पुरत नाही, कारण आतला कान चांगला असून नसेत दोष असेल तर ओएईत तो सुटू शकतो. बेराला बाळ गाढ झोपायला लागतं. आम्हाला सांगितलं होतं, रात्री जागवा, सकाळी उपाशी आणा, इथं झोपेचं औषध देऊ. रात्री दोनपर्यंत मी त्याला घेऊन गच्चीवर फिरलो. सकाळी रिक्षातच तो झोपला, दवाखान्यात टक्क जागा, औषध पाजलं तर ओकला. तिसऱ्या खेपेला जमलं. दोन हजार रुपये, कान ठीक. एक बारकी गोष्ट: कानाच्या काही तपासण्यांचा रिपोर्ट बिलाच्या थर्मल कागदावर येतो आणि वर्षात कोरा होतो. त्याच दिवशी झेरॉक्स काढा.

त्याच महिन्यात मेंदू-स्नायूंची तपासणी झाली. त्याच्या हालचालींचा मोबाईलवर व्हिडिओ घेतला, मान, पाठ, हातपाय बघून गुण दिले. डॉक्टर म्हणाले, पायात थोडा ताठपणा वाटतोय, आत्ताच नाव देत नाही, पण व्यायाम आत्ताच सुरू करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, तिथं थेरपी फुकट, हे त्यांनीच सांगितलं. हा कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरातनं सुरू झाला, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. आमच्या ओळखीत एकालाही तो माहीत नव्हता. आम्ही आठवड्यातून दोन दिवस तिकडं आणि एक दिवस खासगीत, तीनशे रुपयांना, असं धरलं.

थेरपीच्या ताई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मी आठवड्यात तीन तास करणार. बाकीचे तुम्ही करणार. मग कोण महत्त्वाचं?" कडेवर कसं घ्यायचं (पाय फाकवून, आपल्या कमरेभोवती), नेसूचं बदलताना पाय कसे उचलायचे, खेळणं कुठल्या बाजूला ठेवायचं, हे सगळं त्यांनी बायकोला, आईला आणि मला शिकवलं. धुरीवाली माझी आई यात सगळ्यात तरबेज निघाली. तेल लावताना ती ताईंचे शब्द वापरायची: "ह्याचा टोन वाढलाय आज." टोन म्हणजे स्नायूंचा ताण.

नोव्हेंबर २०१८. दुरुस्त वय आठ महिने. बसत नव्हता, उभा धरला की पाय कात्रीसारखे एकमेकांवर. मी रात्री मोबाईलवर नको ते वाचत बसायचो. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये १९९५ साली सव्वीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या मुलांचा एक अभ्यास आहे, एपिक्युअर. सहाव्या वर्षी त्यातल्या २२ टक्के मुलांत तीव्र, २४ टक्क्यांत मध्यम आणि ३४ टक्क्यांत सौम्य अक्षमता आढळली होती. हे आकडे मी वहीत उतरवून डॉक्टरांपुढं ठेवले. ते म्हणाले, "साल बघितलंत? आठवडे बघितलेत? गेजवर वेगळ्या पार्टची टॉलरन्स लावून बघता का तुम्ही?" कंपनीत मी रोज हेच पोरांना ओरडतो. तेव्हापासून आकडा वाचला की आधी कुठला, कधीचा, किती आठवड्यांचा ते बघतो.

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या डॉक्टर सरोज सैगल यांचं काम मला आमच्या या डॉक्टरांकडूनच कळलं. एक किलोपेक्षा कमी वजनाची, १९७७ ते ८२ मध्ये जन्मलेली मुलं मोठी होईपर्यंत त्यांच्या गटानं गाठली, आणि तुमचं आयुष्य कसं आहे हे त्या मुलांनाच विचारलं. अडचणी जास्त असूनही त्यांनी स्वतःच्या आयुष्याला दिलेले गुण इतरांच्या जवळपास होते. हे मी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आणि त्यांच्या आयांना विचारलं काय कुणी?"

एप्रिल २०१९ मध्ये नाव मिळालं: सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळं हालचालींत येणारा दोष, त्यातला स्पॅस्टिक डायप्लेजिया. दोन्ही पायांना जास्त, हातांना कमी. मेंदूतल्या पोकळीच्या अगदी कडेनं पायांकडं जाणाऱ्या तारा असतात आणि अपूर्ण दिवसांच्या बाळात इजा होते ती नेमकी त्याच जागी, असं त्यांनी कागदावर काढून दाखवलं. तो कागद फाइलीत आहे. हालचालींच्या क्षमतेच्या पाच पातळ्यांपैकी दुसरी, म्हणजे चालेल, पण उशिरा आणि आधारानं. दवाखान्यातनं बाहेर आल्यावर आम्ही दोघं दाभोळकर कॉर्नरला उसाचा रस प्यालो. काहीच बोललो नाही. नाव मिळाल्याचं दुःख होतं, आणि आता निदान कशाशी झगडायचंय ते कळलं, असंही वाटत होतं. दोन्ही एकदमच.

पुढच्या काही गोष्टी भराभर सांगतो. पायाच्या पट्ट्या, एएफओ, पुण्याहून करून घेतल्या, जोडी साडेचार हजार. साचा घेतला ऑगस्ट २०१९ च्या पहिल्या तारखेला आणि आठवड्यात महापूर आला. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, पार्सल तिकडं अडकलं. आमच्या कळंब्याच्या बाजूला घरात पाणी शिरलं नाही, पण नळालाही आलं नाही. थेरपी वीस दिवस बंद. पट्ट्या पोरं वाढतात तशा दर आठ-दहा महिन्यांनी बदलाव्या लागतात, तेवढे पैसे धरून चाला. आत सुती मोजा उलटा घाला, शिवण टोचत नाही. दीड-पावणेदोन वर्षांचा असताना चष्मा लागला, उणे साडेचार. आरओपी झालेल्या, लेसर केलेल्या डोळ्यांना असा नंबर बऱ्याचदा येतो. मागं रबरी पट्टा बांधला की चष्मा टिकतो.

३ मार्च २०२० ला तो दुरुस्त वयानं दोन वर्षांचा झाला. वजाबाकी संपली म्हणून आम्ही त्या दिवशी केक आणला. तीन आठवड्यांनी लॉकडाऊन. केंद्र बंद, ताई व्हिडिओ कॉलवर. मी बंद वर्कशॉपातनं पाऊण इंची पाइप आणि एल्बो आणून घरच्या घरी दोन समांतर दांड्या केल्या. उंची ताईंनी कॉलवर बघून ठरवली, मी व्हर्नियरनं मोजून कापली. व्हर्नियरची काही गरज नव्हती. तो त्या दांड्यांमधून रोज स्वयंपाकघरापासून दारापर्यंत जायचा, दारात आजी शेंगदाण्याची चिक्की घेऊन बसलेली. नोव्हेंबरमध्ये, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, दांडी संपली तरी तो चार पावलं पुढं आला. आजीच्या अंगावर पडला. वहीत त्या दिवशी नुसता '४' लिहिलाय.

अपंगत्वाच्या प्रमाणपत्राला आम्ही फार उशीर केला. आई म्हणायची, शिक्का कशाला मारून घ्यायचा. मलाही आतून तसंच वाटत होतं. माझ्या कंपनीच्या वाटेवर उचगावात नसीमा हुरजूक यांनी उभी केलेली 'हेल्पर्स ऑफ दि हॅन्डिकॅप्ड' ही संस्था आहे. तिथं व्हीलचेअरवरून कामाला जाणारी माणसं मी रोज बघत होतो, तरी आपल्या पोराच्या नावापुढं तो शब्द लिहायला हात धजत नव्हता. सप्टेंबर २०२१ मध्ये अर्ज केला. आता हा अर्ज ऑनलाइनच करावा लागतो, यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या, संकेतस्थळावर: फोटो, आधार, पत्त्याचा पुरावा, अंगठा. अर्ज फुकट आहे, सेतूवाल्यानं दीडशे घेतले. मग सरकारी दवाखान्यात ठरलेल्या वारी बोर्डासमोर जायचं. पहिल्या वारी डॉक्टर रजेवर. दुसऱ्या वारी कळलं, डोळ्यांचं वेगळ्या खोलीत आणि वेगळ्या वारी. तिसऱ्या वारी सर्व्हर बंद. माझ्या चार रजा गेल्या. चौथ्या खेपेला टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "हे पोरगं चालतंय की, कशाला आलाय?" पोरगं त्याच वेळी पायरीवर पडलं. ४५ टक्के मिळाले, तात्पुरतं प्रमाणपत्र, पुढं परत तपासायचं. कार्ड जानेवारीत टपालानं आलं.

सकाळी आठला जा, मूळ कागद आणि दोन झेरॉक्स संच न्या, मुलाचा डबा न्या, पट्ट्या घालूनच न्या. चाळीस टक्क्यांची रेघ महत्त्वाची आहे. बरेचसे लाभ तिच्यावर ठरतात, आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) राखीव जागाही. सेरेब्रल पाल्सीसाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय नावाची विमा योजना आहे, एक लाखापर्यंत, त्यात थेरपीचा खर्चही धरतात. आम्हाला ती चार वर्षांनी कळली.

आता शाळा. इथं त्या दोन तारखा पुन्हा उपटल्या.

महाराष्ट्रात पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण लागतात. आमचा २ डिसेंबरचा. म्हणजे जून २०२३ मध्ये, साडेपाच वर्षांचा असताना, तो पहिलीला पात्र. ३ मार्चला जन्मला असता तर आपसूक पुढच्या वर्षी गेला असता. दोन वर्षांनंतर वय दुरुस्त करायचं नसतं, असं पुस्तकात असलं तरी शाळेच्या बाकावर ते तेरा आठवडे पूर्ण वर्षाचे होतात. बालवाडीच्या बाई म्हणाल्या, हुशार आहे, पाठवा. बोलण्यात तो खरंच पुढं होता, गोष्टी सांगायचा, समोरच्याला गुंडाळायचा. पण मण्यांची माळ ओवता येत नव्हती, एका जागी पाच मिनिटं बसत नव्हता, आणि सात आधी की नऊ आधी हे रोज नव्यानं.

त्या एप्रिलमध्ये पुण्याला विकासतज्ज्ञ डॉक्टरांकडं गेलो. पहाटेची एसटी, तीन तास तपासणी, साडेतीन हजार. त्यांनी पुण्यातलाच एक जुना अभ्यास सांगितला. केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी १९८७ ते ८९ मध्ये जन्मलेली, दोन किलोपेक्षा कमी वजनाची मुलं अठरा वर्षांची होईपर्यंत तपासली. बुद्धी बहुतेकांची ठीक, पण शाळेत, खास करून गणितात, ती मागं पडण्याचं प्रमाण जास्त. डॉक्टर म्हणाल्या, "दोन वर्षांची तपासणी चांगली आली की आईबाप फाइल माळ्यावर टाकतात. आठव्या वर्षी बाई म्हणतात लक्ष नाही, घरी मार बसतो, आणि जन्माचा संबंध कुणाच्या डोक्यातच येत नाही." माझी फाइल माळ्यावर नव्हती, पण हात मात्र दोनदा उगारला गेला होता. ते मी गाडीत बायकोला सांगितलं. तिला माहीत होतं.

त्यांच्या पत्रावर मोठा गट परत करायचं ठरलं. नियमातलं वय हे कमीत कमी वय आहे, वर्षभर थांबलं तर कुणी अडवत नाही. क्लार्कनं मात्र "नापास केलं म्हणून लिहू काय?" असं विचारलं. जून २०२४ मध्ये घरापासून सात मिनिटांवरच्या महापालिकेच्या शाळेत पहिलीत घातला. आरटीईचा अर्ज भरला होता, पण त्या वर्षी शासनानं नियम बदलले, कोर्टानं स्थगिती दिली, निकाल जुलैच्या विसाव्या तारखेच्या आसपास लागला. तोवर पोराला बाकावरची मैत्री जमली होती. आम्ही यादी बघितलीच नाही.

बाईंना मी तीनच गोष्टी सांगितल्या: पुढच्या बाकावर बसवा, चौकटीची मोठी वही चालू द्या, जिना उतरताना सगळ्यात शेवटी सोडा. महिन्यातून दोनदा समग्र शिक्षाचे विशेष शिक्षक येतात.

आता तो दुसरीत आहे. पळत नाही, भराभर चालतो. उसाचा हंगाम सुरू होऊन शेतात पाचट पेटलं की छाती वाजते, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी पंप दप्तरात. वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा, एकदा रक्तदाब, कारण अशा मुलांचा रक्तदाब मोठेपणी वाढण्याची शक्यता जास्त असते. दोन दाढांवर पिवळे चट्टे आहेत, दातांचं कवच कच्चं राहिलंय, तेही लवकर जन्मल्याचंच. हे दातांचं मला गेल्या वर्षी कळलं. म्हणजे यादी अजून वाढतेच आहे.

परवा त्याला तिसरी वही सापडली. उंची लिहायची पाळी होती, तर म्हणाला, मी लिहिणार. दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला, आजीनं डोक्यावर पट्टी धरली, मी टेपवरचा आकडा मोठ्यानं वाचला, एकशे पंधरा. त्यानं जीभ बाहेर काढून, चौकटीत बसवून लिहिलं: १५१. मी म्हटलं, परत मोज. तो परत चौकटीला टेकला, आजीनं परत पट्टी धरली, मी परत वाचलं. त्यानं खाली दुसऱ्या ओळीत परत १५१ लिहिलं. वहीचा फोटो काढून ठेवलाय. १४ तारखेला थेरपीच्या ताईंकडं जायचंय, तेव्हा दाखवायचा.